दोन वर्षांच्या लेकराकडून कसलं आज्ञापालन?

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मुलांच्या संगोपनावर संदेश असला की एक दाखला हमखास येतो. बाप लेकराला ‘इकडे ये’ म्हणतो आणि लेकरू उलट्या दिशेला पळतं. बंधुभगिनींनो, आपणही देवापासून असेच पळतो. लोक हसतात, आया माना डोलावतात. पुढचं वाक्यही ठरलेलं: म्हणून लेकराला पहिल्या हाकेला ऐकायची सवय लावा, नाहीतर उद्या ते देवाचंही ऐकणार नाही. सोलापुरात शब्बाथशाळेपासून वाढलेल्या माणसाच्या कानावर हे इतक्यांदा पडतं की हे शास्त्रातलंच, म्हणजे बायबलमधलंच, वचन असावं असं वाटू लागतं. शास्त्रात ते कुठेही नाही.

दाखल्याचा पहिला भाग मला मान्य आहे. देव आणि माणूस यांचं नातं बाप-लेकराच्या नात्यात दिसतं, हे शास्त्रच पुन्हा पुन्हा सांगतं. होशेयाच्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात देव म्हणतो की एफ्राइमाला, म्हणजे इस्राएलाला, चालायला मीच शिकवलं. खटकतं ते एवढंच, की दाखला सांगताना बाप गुपचूप देवाच्या खुर्चीत जाऊन बसतो. घरात दोन वर्षांचं मूल वाढत असतं तेव्हा देवाच्या आज्ञेखाली सगळ्यात आधी कोण असतं? ज्याला आज्ञा कळते तो. म्हणजे आईबाप. लेकरू बापाचं किती ऐकतं ही नंतरची गोष्ट. त्या लेकराशी वागताना बाप देवाचं किती ऐकतो, हे आधी बघायला हवं. हा क्रम उलटा झाल्यामुळे आपल्या घरांत बरीच मारझोड देवाच्या नावावर खपते.

पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा सहावा अध्याय घ्या. मुलांनो, आईबापांच्या आज्ञेत राहा, ही ओळ आपल्याकडे भिंतीवरच्या पाट्यांवर असते, कॅलेंडरवर असते, वाढदिवसाच्या प्रार्थनेत असते. त्याच परिच्छेदात, अवघ्या तीन वचनांनंतर, बापांनो, आपल्या मुलांना चिरडीस आणू नका, असंही आहे. ती पाटी मी अख्ख्या सोलापुरात कुणाच्या घरी पाहिलेली नाही. पौल हे बापांना सांगतो, हेही ध्यानात घ्यायला हवं. आपल्याकडे शिस्त लावायचं काम आईचं, मूल बिघडलं तर दोषही आईचा, आणि बाप संध्याकाळी घरी येऊन निकाल देणार. पत्र लिहिणाऱ्याला ही वाटणी मंजूर दिसत नाही.

पाणी यायच्या दिवशी आपल्या शहरातल्या कुठल्याही घरात डोकावून बघा. उजनी धरण काठोकाठ भरलेलं असलं तरी नळ रोज येत नाही. आला की पिंप, हंडे, बादल्या, पातेली, सगळं भरून घ्यायचं. त्या गडबडीत आमची अडीच वर्षांची लेक प्लास्टिकचा मग घेऊन पिंपाशी उभी असते. ‘सांडू नको हं.’ ती मग भरते आणि माझ्याकडे बघते. नजर जराही न हलवता मग हळूहळू कलता करते. आधी थेंब, मग धार, मग सगळं पाणी फरशीवर. तरी ती माझ्याकडेच बघत असते. शेजारच्या आज्जी दारातून ओरडतात, ‘बघ की, कसं मुद्दाम करायलीय! दे एक पाठीत.’

मुद्दाम करते हे खरंच आहे. तिला नुसतं पाण्यात खेळायचं असतं तर तिने पाण्याकडे बघितलं असतं. ती माझ्याकडे बघते, कारण तिला माझ्याबद्दल काहीतरी समजून घ्यायचं असतं. सांडायच्या आधी ‘नको’ म्हणणारा हा माणूस सांडल्यावरही तोच राहतो का? मी हात उगारला तर तिला कळेल की बाप भीतीदायक आहे. हसून सोडून दिलं तर कळेल की बापाच्या शब्दात दम नाही. तिसरी गोष्ट फार साधी आहे. मग काढून घ्यायचा, एक फडकं तिच्या हातात द्यायचं, एक आपल्या, दोघांनी मिळून फरशी पुसायची आणि मग वरच्या फळीवर ठेवून द्यायचा. पुढच्या वेळी पाणी आलं की पुन्हा हेच. त्याच्या पुढच्या वेळीही हेच. हे काम कमालीचं कंटाळवाणं आहे, संदेशात सांगावं असं त्यात काही घडत नाही. पण त्या घटकेला आज्ञा कुणाला होती ते बघा. ऐकायला तत्पर, बोलायला धीमा, रागाला मंद असावं, हे याकोबाच्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात आहे. ते वाचता येतं मला. तिला अजून ‘मग’ धड म्हणता येत नाही.

देवाची आज्ञा द्यायची रीत कशी आहे, हेही एकदा बघायला हवं. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आधी परवानगी येते: बागेतल्या सगळ्या झाडांचं फळ खुशाल खा. मनाई त्यानंतर, आणि तीही एकाच झाडाची. आता आपलं दोन खोल्यांचं घर बघा. शेगडीला हात लावू नको, प्लगमध्ये बोट घालू नको, उंबऱ्याबाहेर जाऊ नको, चप्पल तोंडात घालू नको, टीव्हीचा रिमोट ठेव, आजोबांचा चष्मा ठेव, शेंगाचटणीच्या बरणीत हात नको, पाहुण्यांसमोर असं नको. शंभर झाडं आपण मना केलेली असतात आणि एक कुठलंतरी मोकळं सोडलेलं असतं. मग लेकरू ‘ऐकत नाही’ म्हणून आपण प्रार्थनेत विनंत्या मांडतो. ज्याला देवासारखं बाप व्हायचं असेल त्याने आधी मनाया कमी कराव्यात आणि घर लेकराच्या उंचीवरून बघावं. देवाने ते झाड बागेच्या मधोमध लावलं हे खरं, पण आपण देव नाही. कात्री वरच्या फळीवर ठेवायला हरकत नाही.

मुलाची इच्छा लवकर मोडली पाहिजे, या कल्पनेचा एक उगम आपल्याला माहीत असावा. मेथडिस्ट चळवळ उभी करणाऱ्या जॉन वेस्लीची आई सुझाना वेस्ली हिने १७३२ साली मुलाला एक पत्र लिहिलं. आपली मुलं वर्षाची झाली की त्यांना छडीची भीती बाळगायला आणि हळू आवाजात रडायला शिकवलं, असं तिने त्यात सांगितलं आहे. मुलाची इच्छा आधी जिंकली पाहिजे, हे त्या पत्राचं सूत्र. बाई असामान्य होती, घरात पोरांचा गोतावळा आणि पैशांची कायम ओढाताण, आणि तिच्या काळात छडीला कुणी नावं ठेवत नव्हतं. पण तिच्या घरची पद्धत प्रॉटेस्टंट जगात पिढ्यान्‌पिढ्या नमुना म्हणून वाचली गेली आणि हळूहळू तिला ‘ख्रिस्ती संगोपन’ असं नाव पडलं. त्याच जगातून उलटा आवाजही आला होता. हॉरेस बुशनेल या अमेरिकन काँग्रिगेशनल (जिथे प्रत्येक मंडळी आपला कारभार स्वतः बघते त्या पंथाच्या) पाळकाने १८४७ साली मांडलं की मुलाने घरातच असं वाढावं की आपण कधी देवाचे नव्हतो, हे त्याला आठवूच नये. घरातल्या रोजच्या वातावरणातून विश्वास त्याच्यात उतरावा. आपल्या सोलापूर-अहमदनगरच्या मंडळ्या ज्या अमेरिकन मिशनमधून उभ्या राहिल्या, ती बव्हंशी काँग्रिगेशनल परंपरेतली. आपल्या वाट्याला बुशनेल यायला हवा होता. आली ती सुझानाबाईंची छडी.

आता छडीचं वचन. नीतिसूत्रे १३:२४ कुणी काढलं नाही असा संगोपनावरचा वाद मी ऐकलेला नाही. जो छडी आवरतो तो मुलाचा वैरी, असं तिथे आहेच. पण ते शब्दशः घेणाऱ्याने बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा एकविसावा अध्यायही शब्दशः घ्यावा. न ऐकणाऱ्या, बंडखोर मुलाला गावच्या वडीलधाऱ्यांपुढे नेऊन दगडमार करावा, असं तिथे सांगितलं आहे. ते आपण त्या काळचा कायदा म्हणून बाजूला ठेवतो आणि छडी तेवढी त्रिकाल सत्य म्हणून हातात धरतो. ही निवड शास्त्राने केलेली नाही, आपण केली आहे, आणि आपल्या सोयीने केली आहे. शिवाय नीतिसूत्रांतला ‘माझ्या मुला’ हा वाईट संगतीला लागू शकणारा, परस्त्रीच्या नादी लागू शकणारा, दुसऱ्याला जामीन राहू शकणारा तरुण आहे. ज्याला अजून लंगोट लागतो त्याच्याविषयी त्या ग्रंथात फारसं काही नाही.

दोन वर्षांच्या मुलाला ‘नको’ कळतं, पण हात थांबवता येईलच असं नाही. आपण सगळ्यांनी हे पाहिलेलं आहे: लेकरू तोंडाने ‘नको नको’ म्हणतं आणि बोट तिकडेच जातं. मेंदूचा जो पुढचा भाग आवर घालतो तो वयाच्या पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. दोन वर्षांच्या पोरात त्याची जेमतेम सुरुवात असते. यात शास्त्राला धक्का बसण्यासारखं काय आहे? १०३ व्या स्तोत्रात बापाच्या दयेचं कारणच असं दिलंय की तो आपली घडण जाणतो, आपण माती आहोत हे त्याला ठाऊक आहे. मुलाची घडण न जाणता त्याला शिक्षा करणारा बाप मग कोणत्या पित्याची नक्कल करतो? एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ साली पन्नास वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात दीड लाखाहून अधिक मुलं होती. ढुंगणावर मारलेले साधे धपाटेसुद्धा मुलाच्या जास्त आक्रमकपणाशी आणि आईबापांशी बिघडलेल्या नात्याशी जोडलेले आढळले. मूल पुढे जास्त ऐकू लागतं, असं काही त्यात निघालं नाही. ‘आम्ही मार खाऊनच मोठे झालो’ असं म्हणणारे काका प्रत्येक मंडळीत असतात. झाले खरे. पण ते मारामुळे झाले की मार खाऊनसुद्धा झाले, हे त्यांना कोण विचारणार?

मारामुळे नक्की काय तयार होतं ते मला मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायात दिसतं. बाप दोन मुलांना द्राक्षमळ्यात कामाला जायला सांगतो. एक तोंडावर ‘नाही’ म्हणतो आणि मागाहून पस्तावून जातो. दुसरा ‘जातो’ म्हणतो आणि जात नाही. बापाची इच्छा कुणी पाळली, असं येशू विचारतो, आणि उत्तर सगळ्यांना येतं. आपल्या घरी मात्र ‘नाही’ म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे फटका बसतो. दोन-चार वर्षांत पोरगं शहाणं होतं आणि ‘हो पप्पा’ म्हणायला शिकतं. बाप खूश. दुसरा मुलगा तयार झाला. मोठेपणी हाच मुलगा मंडळीच्या वार्षिक सभेत प्रत्येक ठरावाला हात वर करतो आणि कामाच्या दिवशी फोन उचलत नाही. ज्यांनी कमिटीत काम केलंय त्यांना मी कोणाबद्दल बोलतोय ते कळेल. दोन वर्षांच्या लेकराच्या ‘नाही’ची मला म्हणूनच धास्ती वाटत नाही. ज्याला ‘नाही’ म्हणता येतं त्याच्याच ‘हो’ला काही किंमत असते. आणि येशूसुद्धा, पुत्र असूनही, आज्ञाधारकपणा शिकला असं इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. त्यालाही जे शिकावं लागलं ते आपल्या पोराने दूध सुटायच्या आत पाठ करावं, ही अपेक्षा कुठून आली?

याचा अर्थ लेकराला मोकाट सोडावं असा काढणारे आहेत, आणि हल्ली ते वाढलेत. मुलावर काहीच लादू नये, त्याला ‘नको’ म्हणूच नये, असं म्हणायचं आणि रडायला लागलं की मोबाईल हातात द्यायचा. रविवारच्या उपासनेत मागच्या बाकांवर बघा: पाळकसाहेब प्रार्थना करतायत आणि तीन वर्षांचं पोर आवाज बंद करून व्हिडिओ बघतंय. फटका आणि मोबाईल ही दोन्ही मला एकाच आळसाची रूपं वाटतात. दोन्हीत लेकरू झटपट गप्प होतं आणि आपल्याला उठावं लागत नाही. एली याजकाने आपल्या मुलांना आवरलं नाही म्हणून देवाने त्याला दोष दिला, हे शमुवेलाच्या पुस्तकात स्पष्ट आहे, आणि त्यातून सुटका नाही. मनाई थोडी असावी, पण असली की ती सोमवारी आणि गुरुवारी सारखीच असावी, आईची आणि बापाची एकच असावी. (आज्जीचं काय करायचं, यावर शास्त्र गप्प आहे. जेवणाआधी बिस्कीट मिळणार नाही असं ठरलं की आमची लेक सरळ आतल्या खोलीत आज्जीकडे जाते. दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, हे वचन तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.)

हा घरातला प्रश्न घरातच राहत नाही. शाळेत मुलाला मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने बंदी आहे. बालगृहांत २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ८२ व्या कलमाने आहे. घरात मात्र पालकाने ‘भल्यासाठी’ केलेल्या कृतीला जुन्या दंडसंहितेचं ८९ वं कलम आडोसा देत होतं, आणि नव्या न्याय संहितेतही तो आडोसा राहिला. स्वीडनने १९७९ साली घरातल्या मारावरही बंदी घातली. तसं करणारा तो पहिला देश. आपल्याकडेही तसा कायदा यावा असं माझं मत आहे. ख्रिस्ती संस्थांनी ‘हा आमच्या कुटुंबाच्या अधिकारावर घाला’ असं म्हणत त्याच्या आडवं येऊ नये. मुलावर हात टाकायचा अधिकार आपल्याला मिळालेला आहे, असं शुभवर्तमानात मला तरी सापडलेलं नाही.

पण सोलापुरात बसून नुसता कायदा मागणंही सोपं आहे. इथे हजारो बायका घरी विड्या वळतात. विडी कंपनीच्या ब्रँचमधून पान-तंबाखू आणायचं, सूप मांडीवर घ्यायचं, कात्रीने पान कापायचं, भरायचं, वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर मिळते, आणि हजार व्हायला दिवस जातो. त्या सुपाशेजारी दोन वर्षांचं पोर असतं. ते तंबाखूत हात घालतं, कात्री ओढतं, मोजून लावलेल्या जुड्या उधळतं. ती आई फटका देते तेव्हा तिच्यासमोर कलम ठेवायचं की नीतिसूत्रे? पुरेशी शिस्त नाही अशी तिची अडचण नाही. तिला दुसरं माणूस नाही. अंगणवाडीत पूर्वप्राथमिक शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मिळतं. तीनच्या आतल्या पोराला पोषण आहार घरी मिळतो, दिवसभर सांभाळणारं कुणी सहसा मिळत नाही. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं केलं, पण घरी बसून विड्या वळणारीच्या दारात ते येत नाही. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, हे या शहराने केलेलं मोठं काम आहे. घर मिळालं, दिवसा पोर कुठे ठेवायचं, हा प्रश्न त्या घरातही आहेच.

आणि इथे मला आपल्या मंडळ्यांचे हॉल दिसतात. सोमवार ते शनिवार कुलूप. पंखे आहेत, नळ आहे, संडास आहे, भिंतीचं कुंपण आहे. याच गावात अमेरिकन मिशनने शंभरेक वर्षांपूर्वी बालवाडी चालवली, बालवाडीच्या शिक्षिकाही घडवल्या. मिस मेरी हार्डिंग यांचं नाव त्या कामाशी जोडलेलं आहे. आपल्याला नवीन काही शोधायचं नाही. सकाळी दहा ते पाच, तीन वर्षांच्या आतली मुलं, पगारी दोन बायका, आणि एक कडक अट: तिथे बायबल शिकवायचं नाही, गाणीही घ्यायची नाहीत. मुलं तेलुगू बोलणाऱ्या हिंदू घरांतली असतील, मुसलमान घरांतली असतील, थोडी आपली असतील. सेवेच्या आडून दुसरंच काहीतरी चाललंय असा संशय एकदा आला की कुणी आई पोर पाठवणार नाही, आणि ते बरोबरच ठरेल. लहानातल्या एकासाठी जे केलं ते माझ्यासाठी केलं, असं मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात येशू म्हणतो. त्या लहानाने बाप्तिस्मा घेतलेला असावा अशी अट त्याने घातलेली नाही.

यावरचे आक्षेप मला पाठ आहेत. फरशा खराब होतील. लाइट बिल कोण भरणार? एखादं पोर पडलं तर जबाबदारी कुणाची? यांतला शेवटचा खरा आहे आणि त्यावर नीट विचार करावा लागेल: विमा, दवाखान्याशी बोलणी, कामावर घ्यायच्या बायकांची पडताळणी, सगळं आलं. पहिल्या दोघांची उत्तरं पाण्याची बादली आणि वर्गणी. चौथा आक्षेप उघड कुणी बोलत नाही, तो असा की हे आत्मिक काम नाही. लेकरांना आज्ञापालन शिकवा असं व्यासपीठावरून सांगणं आत्मिक, आणि ज्या आईला हात उगारण्यावाचून इलाज उरलेला नाही तिचे सात तास मोकळे करणं ऐहिक, ही विभागणी कुणी केली ते मला माहीत नाही.

हॉलची किल्ली खजिनदारांकडे असते. ती मिळवायला कमिटीत ठराव लागतो, ठरावाला एक सूचक आणि एक अनुमोदक. सूचक म्हणून माझं नाव लिहून ठेवलेलं आहे.